गुणफलकापाशी माझी लेक: क्रीडा क्लबच्या स्वयंसेवक उपक्रमाचा वर्षभराचा अनुभव

माझी लेक एकवीस वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. गेलं वर्षभर ती दर रविवारी एका क्रीडा क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. सोबत आणखी सहा-सात मुलं आहेत: कुणी व्हीलचेअरवर, दोघं कर्णबधिर, एक अंध. आपल्या मुलांना पाठवावं का, असं बरेच पालक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

याआधी ती दुसऱ्या एका ठिकाणी जायची. तिथे बक्षीस समारंभात पदकांचा ट्रे घेऊन तिला उभं करायचे, फोटो काढायचे. उरलेले तीन तास ती नुसती खुर्चीत. एकदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, मला कामच नव्हतं." मग आम्ही जाणं सोडलं.

इथे पहिल्या दिवशी समन्वयक ताईंनी मला बाकावर बसवलं आणि सगळे प्रश्न तिलाच विचारले. गोंगाट चालतो का, किती वेळ उभी राहशील, आकडे कुठपर्यंत येतात. मग तिला बोचियाच्या कोर्टवर नेमलं. हा खेळ मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठी विकसित झाला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे. सामन्याआधी चेंडू मोजून मांडायचे आणि प्रत्येक फेरीनंतर गुणफलक बदलायचा, हे तिचं काम. कामाच्या पायऱ्यांचं चित्रांचं कार्ड ताईंनी करून दिलंय. प्रत्येक चेंडूला बोट लावत, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणत ती मोजते. पांढरा नेहमी शेवटी.

एक प्रसंग सांगतो. रेफरीनं लालला तीन गुण दिले, हिनं फलकावर दोन लावले. मी उठायच्या बेतात होतो, ताईंनी हातानंच थांबवलं. रेफरीनं तिला जवळ बोलावलं. चेंडू अजून जागेवरच होते. "पांढऱ्याच्या सगळ्यात जवळचा निळा कुठला? त्याच्या आत लाल किती?" ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, आणि बराच वेळ बघत राहिली. "एक, दोन... हा पण." जाऊन फलकावर तीन लावले. दोन्ही खेळाडू तोवर थांबले होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कौतुकाचे उद्गार काढले नाहीत, पुढची फेरी सुरू झाली. मला त्या दिवशी हा क्लब पटला. चूक झाली तर ती स्वतः दुरुस्त करायची, हे बाकी स्वयंसेवकांना लागू आहे तसंच तिलाही लागू.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, कलम ३० मध्ये, खेळात भाग घेण्याबरोबर खेळाचं आयोजन करण्याच्या संधीचाही उल्लेख आहे. आयोजन हा शब्द फार थोड्या ठिकाणी मनावर घेतलेला दिसतो.

आता उणिवा. वेळापत्रक शनिवारी रात्री उशिरा बदलतं आणि निरोप लांबलचक लिहून येतो. माझ्या लेकीला ऐनवेळचा बदल झेपत नाही, वाचायलाही वेळ लागतो. दोन ओळींचा आवाजी निरोप शुक्रवारी आला तरी पुरे, हे मी तीनदा सांगितलंय. प्रवेशाचा उतार चांगला आहे, पण स्वच्छतागृहाचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअरवरच्या मुलाला दर वेळी शेजारच्या इमारतीत जावं लागतं. तोसुद्धा स्वयंसेवकच आहे, पाहुणा नाही. हे आधी दुरुस्त व्हायला हवं.

तरीही पाठवा, असंच सांगेन. मात्र आधी एक रविवार जाऊन बसा आणि मुलांच्या हातात काय काम आहे ते बघा.

लेकीला आता गोलबॉलच्या सामन्यांना काम करायचंय. हा दृष्टिहीनांचा खेळ, त्यात चेंडूत घुंगरं असतात आणि खेळाडू त्या आवाजावरच खेळतात, म्हणून खेळ चालू असताना सगळ्यांनी गप्प राहायचं. प्रेक्षकांना शांततेचा फलक दाखवायचं काम तिला हवंय. ताईंनी अट घातली, आधी एक सामना न बोलता बघ. गेल्या रविवारी बारा मिनिटांचा पहिला भाग तिनं तोंडावर हात धरून काढला. दुसऱ्या भागात चेंडू गडगडत असतानाच ओरडली. येत्या रविवारी पुन्हा बसायचंय.