मिग-21च्या डेकलसाठी आगाऊ पैसे पाठवण्याआधी हे वाचा

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदिगडला मिग-21 हे लढाऊ विमान हवाई दलातून निवृत्त झाले आणि त्याची प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हवाई दलाच्या खुणांचे चांगले डेकल, म्हणजे पाण्यात सोडवून प्रतिकृतीवर चिकटवायची छापील चिन्हे, हवेसे झाले. प्रतिकृतीच्या किटच्या डबीत अनेकदा सोव्हिएत हवाई दलाचे लाल तारेच मिळतात. केशरी-पांढरे-हिरवे राउंडेल (पंखांवरचे गोल चिन्ह), शेपटीवरचे पट्टे, स्क्वाड्रनची चिन्हे आणि अनुक्रमांक वेगळे मिळवावे लागतात. नेमकी हीच गरज हेरून एका विक्रेत्याने माझ्याकडून एकूण 6,130 रुपये उकळले. रक्कम अनेकांना किरकोळ वाटेल, पण हाच माणूस अजूनही नव्या शीटची नोंदणी घेत आहे, म्हणून हे लिहीत आहे.

माझे वडील नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे तयार झालेले मिग-21 एफएल, रंग न दिलेल्या धातूच्या झळाळीतले, मला 1/72 या प्रमाणात करायचे होते. हा विक्रेता प्रतिकृतीकारांमध्ये बराच काळ वावरणारा होता. एफएल आणि बायसन या मिग-21च्या दोन प्रकारांच्या अनुक्रमांकांतला फरक, 28 स्क्वाड्रनकडे 1963 मध्ये आलेली पहिली मिग विमाने, राउंडेलचा कोणत्या काळातला आकार कोणत्या विमानाला चालतो, हे सगळे तो बिनचूक सांगत असे. ज्याला इतके बारकावे ठाऊक आहेत तो भामटा निघेल असे कोणाच्या मनात येईल? त्याने सांगितले की शीट इटलीत स्क्रीन प्रिंटिंगने छापून येणार आहे, प्रती मर्यादित आहेत, दर प्रत्येकी 1,450 रुपये. मी तीन शीटचे 4,350 रुपये यूपीआयने भरले.

ज्या क्षणी हे उघड व्हायला हवे होते, तो आठवला की आजही संताप होतो. त्याने नमुन्याचा फोटो पाठवला होता आणि त्यातला कागद पांढराशुभ्र होता. पांढरी शाई वापरलेल्या शीटचा कागद सहसा फिकट निळसर असतो, कारण त्याशिवाय राउंडेलमधले पांढरे वर्तुळ छापले आहे की नाही हे कळतच नाही. मी तसे विचारलेही. ‘फोटोत उजेडामुळे तसे दिसते,’ एवढेच उत्तर आले आणि सोबत एका पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक आला. तो क्रमांक टाकल्यावर परदेशातून निघालेले पार्सल खरोखरच दिसत होते. ते पार्सल दुसऱ्याच कोणाचे तरी असावे, हे घरबसल्या मला कसे समजणार होते? त्यानंतर पार्सल कस्टममध्ये अडकल्याचे सांगून त्याने आणखी 1,780 रुपये मागितले, तेही एका वैयक्तिक नावाच्या यूपीआय खात्यावर. टपालाने आलेल्या वस्तूवरचे सीमाशुल्क पोस्ट खाते वस्तू हातात देताना घेते आणि त्याची पावती देते. विक्रेता ते स्वतःच्या खात्यावर मागू लागला, की व्यवहार तिथेच थांबवा.

शेवटी जे पाकीट आले त्यावर देशांतर्गत स्पीड पोस्टचा शिक्का होता. आतली शीट घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली होती. एक राउंडेल कापून कोमट पाण्यात सोडले, तर अर्ध्या मिनिटात केशरी रंग ओघळून वाटीभर पसरला आणि चिन्हाची पातळ फिल्म सुरळी होऊन चिमट्याच्या टोकाशी तुटली. दुसऱ्यावर आधी वार्निशचा हात मारून ते पंखावर बसवले, तेव्हा पांढऱ्या वर्तुळाच्या जागी खालचा चंदेरी रंगच दिसू लागला, कारण साध्या इंकजेटमध्ये पांढरी शाईच नसते. शीट हातात आल्यावर पाण्यात घालण्याआधी भिंगाखाली धरा: स्क्रीन प्रिंटिंगचा रंग सलग दिसतो, इंकजेटचा ठिपक्याठिपक्यांचा.

यानंतरचा मनस्ताप फसवणुकीपेक्षा मोठा आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला आणि प्रकरण स्थानिक पोलीस ठाण्याकडे गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शीट हातात घेऊन ‘हे स्टिकर आहेत ना, मग माल मिळालाच की,’ असे सांगितले आणि हा दिवाणी वाद असल्याचे ठरवून टाकले. इटलीची छपाई, खोटा ट्रॅकिंग क्रमांक, न लागलेले सीमाशुल्क, या तीन खोट्या गोष्टी सांगून पैसे घेतलेले असताना भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 लागू होत नसेल तर ते कशासाठी आहे? बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार नाही. पैसे ज्या खात्यावर गेले ते गोठवण्याची विनंती पोलिसांकडून यावी, असे बँक म्हणते. आधी बँकेकडून माहिती येऊ द्या, असे पोलीस म्हणतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे खरे. परंतु नोटीस बजावायला विक्रेत्याचा पत्ता लागतो आणि पाकिटावरचा पत्ता खोटा निघाला. ज्याचे बँक खाते आहे त्याचा पत्ता बँकेकडे असतोच, तो तक्रारदाराच्या कामी येऊ नये ही कसली व्यवस्था?

आगाऊ नोंदणी करायचीच असेल तर खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या संकेतस्थळावरून आणि कार्डानेच करा. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शीटशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नका. जुन्या ग्राहकांच्या कौतुकावर विसंबू नका, कारण माझ्या ओळखीच्या एकाला याच माणसाकडून पूर्वी अस्सल शीट मिळाली होती आणि तीच पाहून मी पैसे भरले. याच विक्रेत्याकडून फसलेल्यांनी पाकीट, शिल्लक शीट आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि रक्कम कितीही लहान असली तरी 1930 वर स्वतंत्र तक्रार नोंदवावी, म्हणजे हा एकट्यादुकट्याचा दिवाणी वाद आहे असे म्हणायला पोलिसांना जागा राहणार नाही.