हप्ता लहान करून घ्यावा की एकरकमी सेटलमेंट?

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतली (जीआयडीसी) नोकरी सुटली आणि दोन हप्ते थकले, तेव्हा हे दोन्ही पर्याय माझ्यापुढे आले. पर्सनल लोनचे ३ लाख ४० हजार बाकी होते, हप्ता ११,२०० रुपयांचा.

सेटलमेंटला, म्हणजे कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवायला, वसुलीवाले २ लाख १० हजार मागत होते. आकडा ऐकून जीव भांड्यात पडला. बायको पाटल्या मोडायला तयार झाली. पण दर आठवड्याला फोनवर नवा माणूस, त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. एकाने कबूल केलेला आकडा दुसऱ्याला ठाऊक नसे. "आधी पत्र द्या" म्हटलं की "आज भरा, पत्र मागाहून येईल, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे." महिनाभर हेच चाललं. पाटल्या मोडून पैसे भरले आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा नोटीस आली, तर दाखवायला माझ्याकडे काय? माझं मन तिथेच उडालं.

मग शाखेत जाऊन मुदतवाढीचा अर्ज दिला. सोबत रिलिव्हिंग लेटर, पासबुक आणि नव्या, कमी पगाराच्या कामाचा दाखला. मॅनेजर एकच, त्यामुळे दुसऱ्या खेपेला काही नव्याने सांगावं लागलं नाही, आणि मंजुरीचं पत्र सही-शिक्क्यासह मिळालं. हप्ता ८,१०० झाला, मुदत ३८ महिन्यांवरून ६० वर गेली. व्याज सुमारे ६० हजार जास्त जाणार, ते बोचतं. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, पुनर्रचनेचा (हप्ता-मुदत बदलल्याचा) शेराही पडतो. तरी 'सेटल्ड' हा शेरा पुढच्या कर्जाला जास्त नडतो, असं माझं मत. मात्र हे ९० दिवसांच्या आत करा. खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, ठरलं की शाखेत बोलणं अवघड होतं.

वाट कोणतीही धरा, वकिलाच्या नोटिशीला उत्तर द्याच. ती कोर्टाचा हुकूम नव्हे, पण गप्प बसणं अंगाशी येतं. नोकरी कधी गेली, आज किती भरू शकतो, एवढं लिहून मी स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पावती जपून ठेवली. चेक परत गेल्याची नोटीस असेल तर मात्र १५ दिवसांतच पैसे भरावे लागतात, तिथे लगेच वकील गाठा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हेही त्यांना सांगा.

पुन्हा कमाई सुरू होण्याची आशा नसेल आणि पीएफची रक्कम हातात असेल, तर सेटलमेंट बरी पडू शकते. ती शक्यतो लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने वाद मिटवतात तिथे, करावी. वडोदऱ्यात दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात चौकशी करता येते, फी लागत नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. एवढं लेखी हातात मिळालं असतं, तर कदाचित आम्हीही पाटल्या मोडल्या असत्या.