खोलीतून बँडमध्ये: सॉलिड स्टेट कॉम्बो, ट्यूब ॲम्प की फ्लोअर प्रोसेसर?

बँडमधून बोलावणं आलं की घरी वाजवणाऱ्या गिटारिस्टला पहिली चिंता लागते ती ॲम्पची. घरचा दहा वॅटचा ॲम्प ड्रमसमोर टिकेल का, आणि नवा घ्यायचा तर कुठला? दुकानात जाण्याआधी बँडला तीन गोष्टी विचारून घ्या. सराव कुठे होतो, तिथे ॲम्प आणि पीए (गायक आणि वाद्यांचा आवाज सगळ्यांपर्यंत पोहोचवणारी स्पीकर यंत्रणा) आहे का, आणि कार्यक्रमात गिटार मिक्सरमधून जाते की थेट ॲम्पमधून ऐकवली जाते. या उत्तरांवरच निवड ठरते. वॅटचा आकडा नंतर बघायचा.

वॅट आणि आवाज

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. स्पीकरचा फरक त्याहून मोठा पडतो. घरगुती ॲम्पमधल्या 8 इंची स्पीकरची क्षमता एका वॅटला 90 डेसिबल धरली, तर 10 वॅटवर तो एका मीटरवर 100 डेसिबलपर्यंत जातो. चांगला 12 इंची स्पीकर एका वॅटला 98 डेसिबल देतो, त्यामुळे 50 वॅटवर 115 होतात. या 15 डेसिबलच्या फरकात वॅटचा वाटा फक्त 7, उरलेले 8 स्पीकरचे. बंद खोलीत जोरकस वाजणारा ड्रमसेट सहज 100 ओलांडतो, म्हणून घरचा ॲम्प तिथे पूर्ण उघडूनही फाटका आणि पुसट ऐकू येतो. तो विकू नका, घरी सरावाला तोच बरा. मात्र बँडच्या हिशेबात त्याला धरू नका.

50 वॅटचा सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंग कॉम्बो

कॉम्बो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. सॉलिड स्टेट काचेच्या ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालतो, तर मॉडेलिंग ॲम्प वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करतो. बँडचा सराव कुणाच्या गच्चीवर, गाळ्यात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये होत असेल आणि पीए फक्त गायकापुरता असेल, तर हाच पर्याय घ्या. बॉस कटाना 50 सारखा ॲम्प 12 इंची स्पीकरसह बारा किलोच्या आतबाहेर असतो. त्याची ताकद अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणता येते, त्यामुळे घरीही तोच चालतो. त्यात बदलायच्या ट्यूब नाहीत आणि धक्के तो बऱ्यापैकी सोसतो.

त्याची मर्यादा अशी की सॉलिड स्टेट पॉवर विभाग टोकाला गेला की आवाज कर्कश फाटतो. म्हणून तो कमाल ताकदीच्या बराच खाली वाजवायचा असतो आणि इथे 30 वॅटपेक्षा 50 वॅट खरोखर उपयोगी पडतात. दुसरी चूक ठेवण्याच्या जागेची. जमिनीवरचा ॲम्प थेट गुडघ्यांवर आवाज सोडतो. 12 इंची स्पीकरमधले उंच स्वर एका झोतात पुढे जातात, ते तुमच्या कानाला लागत नाहीत, म्हणून तुम्ही ट्रेबल आणि व्हॉल्यूम वाढवत जाता आणि समोरच्याचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा. तेवढ्यावर व्हॉल्यूम बराच खाली येतो.

15 वॅटचा ट्यूब ॲम्प

ट्यूब ॲम्प काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर चालतो. ट्यूबचा वॅट काही वेगळा नसतो. मात्र ट्यूब ॲम्प मर्यादेपलीकडे ढकलला की आवाज गोड फाटतो आणि तो फाटलेला आवाजही वापरता येतो, म्हणून 15 वॅट मोठे वाटतात. फेंडर ब्लूज ज्युनियर हे नेहमीचं उदाहरण: 15 वॅट, एक 12 इंची स्पीकर, दोन ईएल84 ट्यूब आणि सुमारे 14 किलो वजन. ब्लूज आणि क्लासिक रॉकमध्ये, बोटांच्या जोरावर आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर आवाज बदलणाऱ्याला याच्या तोडीचं दुसरं काही मिळत नाही. फंक किंवा हिंदी-मराठी गाण्यांतल्या स्वच्छ ऱ्हिदमसाठी मात्र ड्रमर जोरात वाजवायला लागला की 15 वॅट लवकर फाटू लागतात.

याची काळजीही जास्त घ्यावी लागते. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालू करायचाच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. वेगळा स्पीकर कॅबिनेट जोडताना ओहम जुळवा आणि स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नको. खरखर, ठकठक किंवा अचानक आवाज बसणं ही ट्यूब थकल्याची लक्षणं. मुंबईत गर्दीच्या वेळी 14 किलोचा ॲम्प आणि गिटार घेऊन लोकलमध्ये चढायचं असेल तर हा विचार सोडून द्या. ज्याच्याकडे गाडी आहे किंवा ॲम्प सरावाच्या जागीच राहणार आहे, त्याने जरूर घ्यावा.

फ्लोअर प्रोसेसर

फ्लोअर प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची, ॲम्पचे आवाज आणि इफेक्ट्स एकत्र देणारी डिजिटल पेटी. पुण्या-मुंबईत तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये ॲम्प, ड्रम आणि पीए बहुधा असतातच. तिथे सराव करणाऱ्या बहुतेकांनी आमच्या मते आधी प्रोसेसर घ्यावा आणि ॲम्पचे पैसे राखून ठेवावेत. बॉस जीटी-1 सारखा छोटा प्रोसेसर दीड किलोच्या आत असतो, पाठीवरच्या पिशवीत मावतो आणि चार डबल-ए सेलवरही चालतो.

प्रोसेसर फसतो तो जोडणीत. मिक्सरला जोडताना स्पीकर सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन माशी घोंघावल्यासारखं येतं. ॲम्पला जोडताना ते बंद हवं, आणि ॲम्पच्या मागे इफेक्ट्स रिटर्न (ॲम्पचे टोन नॉब टाळून थेट पुढे जाणारा जॅक) असेल तर त्यात जोडा, म्हणजे प्रोसेसर आणि ॲम्प या दोघांचे टोन कंट्रोल एकमेकांवर चढत नाहीत. एकच केबल असेल तर ‘लेफ्ट/मोनो’ जॅक वापरा, नाहीतर स्टिरिओ डिलेचा अर्धा भाग गायब होतो. मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब केबलसाठी तयार करणारी छोटी डबी) लावा. घूं असा आवाज आला तर त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबून बघा, भिंतीच्या प्लगचं अर्थिंग मात्र कधीही काढू नका.

हेडफोनवर बनवलेले प्रीसेट (प्रोसेसरमध्ये साठवलेले तयार आवाज) बँडमध्ये जवळजवळ नेहमी निकामी ठरतात. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण बास आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड (मधले स्वर) कापतो. बँडच्या आवाजात तोच बास घुमतो आणि ट्रेबल टोचतो. मधली जागा, जिथे गिटार ऐकू यायला हवी, ती रिकामी राहते. गिटारची सर्वात जाड तार 82 हर्ट्झची, तर बास गिटारची 41 हर्ट्झची. खालचा पट्टा बास गिटार आणि किक ड्रमचा आहे, तो त्यांना सोडा. सुरुवातीला 100 हर्ट्झच्या खालचं आणि 6 किलोहर्ट्झच्या वरचं कापा, मिडचा नॉब घड्याळातल्या दीडच्या जागी न्या, गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) घरच्यापेक्षा एक तृतीयांश कमी करा आणि रिव्हर्ब निम्मा. सोलोचा प्रीसेट ऱ्हिदमपेक्षा 3 ते 4 डेसिबल वर ठेवा. सगळे प्रीसेट मोठ्या स्पीकरवर, बँडच्या आवाजात एकदा तपासा. हे जॅम रूममधलं अर्ध्या तासाचं काम कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्याशी होणारी वादावादी वाचवतं.

प्रोसेसरची खरी उणीव मॉनिटरची. स्टेजवर मॉनिटर नसेल किंवा त्यात फक्त गायक दिला असेल, तर तुम्हाला स्वतःचं वाजवणं ऐकूच येणार नाही. लहान हॉटेलांत आणि मंडळांच्या कार्यक्रमांत हे सर्रास होतं. तिथे 50 वॅटचा कॉम्बो सोबत असणं उजवं.

वाजवण्यातला बदल, ज्यावर पैसे खर्च होत नाहीत

तिन्ही पर्यायांत एक गोष्ट सारखी राहते. खोलीत एकट्याने वाजवताना सहा तारांचा पूर्ण बार कॉर्ड भरगच्च लागतो. कीबोर्ड आणि बास आल्यावर तोच कॉर्ड चिखल करतो. पातळ तीन तारांवर ट्रायड (तीन सुरांचा कॉर्ड) वाजवा, कीबोर्ड लांब सूर धरत असेल तर तुम्ही तुटक ऱ्हिदम घ्या, आणि गायक ओळ म्हणत असताना फिलिंग (मधल्या जागा भरणाऱ्या छोट्या सुरावटी) टाळा. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून सराव करा, स्नेअर तिथेच पडतो. चूक झाली तर थांबून पुन्हा सुरू करण्याची घरची सवय आधी मोडा. हात थांबला तरी मात्रा मोजत पुढच्या बारला (मात्रांच्या पुढच्या गटाला) परत या.

कशावर आधी खर्च

काहीही निवडलं तरी आवाज म्यूट करणारा ट्यूनर पेडल, सहा मीटरच्या दोन केबल, सुट्या तारांचा सेट आणि तीन पिनचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड हे पहिल्या सरावाआधी हवं. आणि इअरप्लग. अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेच्या मर्यादेनुसार 100 डेसिबलला कान दिवसाला फक्त 15 मिनिटं सोसावेत, आणि जॅमचा एक स्लॉट त्याच्या कितीतरी पट असतो.

अकूस्टिक गिटारवाल्यांना ॲम्पची घाई मुळीच नाही. पिकअप, डीआय बॉक्स आणि साउंडहोल बंद करणारं रबरी झाकण पुरतं. फीडबॅक साधारण 100 ते 200 हर्ट्झच्या मध्ये उठतो, तिथे मिक्सरवर थोडं कापायला सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांकडून ॲम्प मागवणार असाल तर मागची पट्टी वाचून घ्या. अमेरिकेतला 120 व्होल्टचा ॲम्प आपल्या 230 व्होल्टवर लावला की निदान फ्यूज जातोच, कधी ट्रान्सफॉर्मरही. 15 वॅटच्या ट्यूब ॲम्पला 500 व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, पण त्याचंही वजन सामानात धरा. पेडल आणि प्रोसेसरच्या ॲडॅप्टरवर ‘100–240’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते. दुसऱ्या कंपनीचा ॲडॅप्टर लावणार असाल तर व्होल्टेज, मिलीअँपिअर आणि मधली पिन निगेटिव्ह आहे का, हे तिन्ही जुळवा.