रोझ बोलचं ‘फॅन पॅकेज’ घेण्याआधी हे वाचा

१ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलला, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नववर्षातल्या मोठ्या सामन्याला, मी, बायको आणि लेक असे आम्ही तिघं मिशिगनहून लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनाला गेलो होतो, एका ट्रॅव्हल कंपनीचं ‘फॅन पॅकेज’ घेऊन. आता कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, १२ संघांचा झालाय. संघ पुढे जात राहिला तर एकाच मोसमात दोन-तीन वेळा प्रवासाची वेळ येते, आणि नोवीतले, म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या गावातले, ओळखीचे लोक डिसेंबर उजाडला की मला फोन करून विचारतात, पॅकेज घेऊ का? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव देत नाही, कारण ज्या अटीवर आमचं घोडं अडलं तशीच अट नंतर मी आणखी दोन कंपन्यांच्या कागदांवर वाचली.

बोल सामना म्हणजे मोसम संपल्यावरचा, बहुतेक वेळा दोन्ही संघांच्या घरापासून लांब, तिसऱ्याच गावात होणारा सामना. आपला संघ कुठे जाणार हे डिसेंबरच्या सुरुवातीला कळतं. त्या वर्षी ३ डिसेंबरला यादी लागली: आमचा मिशिगन विद्यापीठाचा संघ पहिला, अलाबामा विद्यापीठाचा चौथा, उपांत्य सामना रोझ बोलमध्ये. हातात २९ दिवस, तेही नाताळच्या सुट्टीतले. डेट्रॉइट ते लॉस एंजेलिसचं विमानभाडं त्याच संध्याकाळी डोळ्यांदेखत चढायला लागलं. अशा वेळी एकदाच पैसे भरून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि ही पॅकेजं त्या घाईवरच खपतात. आम्ही माणशी १,४५० डॉलर भरले. त्यात तीन रात्रींचं हॉटेल, सामन्याच्या सकाळच्या रोझ परेडच्या, म्हणजे फुलांच्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, स्टँडमधली जागा, सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांपाशी चालणारं ‘टेलगेट’चं जेवण आणि सगळीकडची ने-आण. विमान आणि सामन्याचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

एवढे पैसे का घातले, तेही सांगतो. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्याकडे तालमीच्या संघाचा सामना असला की शाहू स्टेडियमपर्यंत चालत जायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि रात्री गल्लीत पुन्हा तोच सामना बोलून खेळायचा. १९९७ साली एमएस करायला अ‍ॅन आर्बरला आलो तेव्हा पहिल्याच मोसमात तिथल्या मिशिगन विद्यापीठाचा संघ एकही सामना न हरता रोझ बोलला गेला. १ जानेवारी १९९८ ला त्यांनी वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ असं हरवलं. आम्ही चौघं रूममेट एका छोट्या टीव्हीसमोर बसलो होतो. तिकडे जायला पैसेच नव्हते. पुढे मिशिगन तीनदा त्या मैदानावर गेलं, २००४, २००५ आणि २००७ साली, आणि तिन्ही वेळा हरलं. आता लेक त्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. या वेळी घरी बसायचं नाही, हे मी यादी लागताक्षणी ठरवलं होतं.

हॉटेल ‘लॉस एंजेलिस परिसरात’ असं लिहिलं होतं, निघालं अ‍ॅनाहाइमला. पॅसाडेना तिथून पन्नासेक किलोमीटर. खोल्या स्वच्छ, नाश्ता चांगला, पण सामन्याच्या दिवशी पहाटे साडेचारला बस. लेक त्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली ती थेट परेडच्या रस्त्यावर, कोलोरॅडो बुलेवार्डला उठली.

परेडची जागा मात्र एक नंबर होती. सकाळी आठला रोझ परेड सुरू होते, १८९० पासूनची परंपरा आहे, आणि लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर गाद्या-ब्लँकेटं टाकून मुक्कामाला असतात. आमचा स्टँड वळणाजवळ होता, त्यामुळे प्रत्येक चित्ररथ समोर येऊन हळू व्हायचा. मिशिगनचा बँड आला तेव्हा निळ्या-पिवळ्या टोप्या घातलेला आख्खा स्टँड उभा राहिला. रस्त्यापलीकडे अलाबामाचे लाल शर्टवाले. त्यांचा बँड आल्यावर ते उभे राहिले आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. या एका गोष्टीसाठी मी कंपनीला पूर्ण गुण देतो.

तिथून पुढे गाडी घसरली. स्टेडियमच्या बाजूला ब्रुकसाइडचं गोल्फ मैदान आहे, त्याच्या हिरवळीवर गाड्या लागतात आणि टेलगेट चालतं. कंपनीच्या तंबूत ‘गरम जेवण, शाकाहारी पर्यायासह’ मिळणार होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा बर्गर गार झाले होते आणि शाकाहारी पर्याय म्हणून बायकोच्या हातात नुसता पाव आणि चिप्सचं पाकीट ठेवलं. तिने काही न बोलता पिशवीतून दशम्या आणि भडंग काढलं.

शेजारच्या गाडीपाशी अलाबामाचं एक कुटुंब होतं, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत. आजींनी हे पाहिलं आणि हाताला धरून बायकोला आपल्या टेबलाशी नेलं. मोठ्या पातेल्यात चवळी शिजत होती. अमेरिकेच्या दक्षिणेत नववर्षाच्या दिवशी चवळी खाल्ली की वर्ष चांगलं जातं असं मानतात. आपल्या उसळीपेक्षा पातळ, वर कांदा, पण पहिल्या घासाला ओळखीची चव. त्यात हॅम होतं, म्हणून त्यांनी बायकोला आधीच सांगितलं आणि तिच्यासाठी मक्याच्या पावाचा मोठा तुकडा मध घालून दिला. आम्ही भडंग पुढे केलं. आजोबांनी मूठभर खाल्लं, पाणी प्यायले आणि परत हात पुढे केला. दोन तासांनी आम्ही एकमेकांच्या विरोधात ओरडणार होतो. निघताना आजींनी लेकीला मिठी मारली.

स्टेडियमबद्दल जेवढं लिहीन तेवढं थोडं. १९२२ साली बांधलेलं हे मैदान अरोयो सेको नावाच्या खोलगट दरीत बसवलंय. बाहेरून त्याची उंची फारशी जाणवत नाही. अरुंद बोगद्यातून आत गेलात की एकदम पायाखाली हिरवंगार मैदान उलगडतं आणि समोर सॅन गेब्रिएलचे डोंगर. मला क्षणभर खासबागेची आठवण आली. शाहू महाराजांचं ते कुस्तीचं मैदान १९१२ चं, तेही असंच वाडग्यासारखं उतरतं, कुठेही बसा, आखाडा दिसतोच. लहानपणी आजोबांबरोबर तिथे बसलेला मी, आज लेकीला घेऊन इथे. त्या दिवशी ९६,३७१ प्रेक्षक होते. कंपनीची बस, हॉटेल, गार बर्गर, सगळं त्या बोगद्यात मागे राहिलं.

त्या वर्षी सामना दोनच्या सुमारास सुरू झाला, त्यामुळे उत्तरार्धात डोंगरांवर गुलाबी उजेड आला. तो पाहायचा असेल तर जागा अशी घ्या की डोंगर समोर राहतील. आमच्या तो नशिबाने समोर होता, पण शेवटी शेवटी मी डोंगराकडे बघायचंच विसरलो. अलाबामा २०-१३ ने पुढे, वेळ संपत आलेला. चौथ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या प्रयत्नात, चेंडू गेला असता तर सामना तिथेच आटोपला असता. तो वाचला, आणि १ मिनिट ३४ सेकंद उरलेले असताना आमच्या मॅकार्थीने रोमन विल्सनला पास देऊन बरोबरी केली. मग अगदी शेवटी अलाबामाची किक आमच्या खेळाडूच्या हातून आमच्याच गोललाइनपाशी सुटली. पुढचे दोन सेकंद आमच्या रांगेत कुणी श्वास घेतला नाही. त्याने चेंडूवर अंग टाकलं तेव्हा बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते.

ओव्हरटाइममध्ये आमच्या ब्लेक कोरमने १७ यार्ड धावत चेंडू गोललाइनपलीकडे नेला, टचडाउन केला. अलाबामाला उत्तर द्यायला शेवटची संधी, गोललाइन ३ यार्डांवर. त्यांचा क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) मिलरो स्वतः चेंडू घेऊन मधून घुसला आणि तिथेच अडवला गेला. २७-२०. मी रडलो. सव्वीस वर्षांपूर्वीचे तिघे रूममेट आता तीन वेगळ्या शहरांत आहेत, तिघांचेही फोन एकदम आले.

आता ती अट. ‘सामना संपल्यावर ६० मिनिटांनी बस सुटेल.’ वाचताना एक तास पुष्कळ वाटतो. पण मैदानात चषक द्यायचा कार्यक्रम होता, बँड वाजत होता, लेक विद्यार्थ्यांच्या भागात दुसऱ्या टोकाला होती, आणि एवढी माणसं एकदम निघाल्यावर फोनही धड लागत नव्हते. शिवाय बसचा तळ चालत पंचवीस मिनिटांवर. चाळिसाव्या मिनिटाला मेसेज आला की वीस मिनिटं उरली आहेत. आम्ही सत्तराव्या मिनिटाला पोहोचलो. तळावर आणखी सात-आठ मिशिगनवाले उभे होते, बस नव्हती. फोनवरच्या बाईंनी अट वाचून दाखवली. अट खरीच होती. पण सव्वीस वर्षं थांबून हा क्षण पाहायला आलेल्या माणसाला चषक उंचावायच्या आत निघ म्हणणारं वेळापत्रक ज्याने केलं, त्याला चाहता म्हणजे काय हे कळलेलं नाही.

आम्ही गर्दीबरोबर चढ चढत मेमोरियल पार्क स्टेशन गाठलं. ए लाइनची मेट्रो मिळाली, तिकीट १.७५ डॉलर. युनियन स्टेशनहून अ‍ॅनाहाइमपर्यंत टॅक्सीला १०५ डॉलर गेले. त्या मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं की हीच गाडी जून २०२३ पासून लॉस एंजेलिसच्या मध्यभागातून थेट पॅसाडेनाला येते. तिथे कुठेही, अगदी साधं हॉटेल घेतलं असतं तरी पहाटे साडेचारला उठावं लागलं नसतं आणि बसचा धाकही नसता. त्यामुळे माझा सल्ला असा: परेडच्या स्टँडचं आणि सामन्याचं तिकीट वेगळं काढा, मुक्काम ए लाइनच्या कडेला करा, जेवण स्वतःचं न्या आणि चारजणांना पुरेल एवढं न्या. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, बाकीचं सामान हॉटेलवरच ठेवा. पॅकेजला माझ्याकडून पाचपैकी दोन, तेही परेडच्या जागेसाठी.

दुसऱ्या दिवशी विमान रात्रीचं होतं, म्हणून गाडी भाड्याने घेऊन परेडचे चित्ररथ जवळून बघायला गेलो. ते एका रस्त्यावर उभे करून ठेवतात. पॅकेजमध्ये हे नव्हतं, आणि असायला हवं होतं. रथाचा दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, साल, बिया अशा नैसर्गिक वस्तूंनीच मढवावा लागतो. बायको एका रथाजवळ वाकली आणि म्हणाली, ‘अहो, हे जवस आहे.’ तपकिरी रंगाचा तो सगळा भाग जवसाचा होता, एकेक दाणा चिकटवलेला, शेजारी पांढऱ्यासाठी तांदूळ. गुलाब पाण्याच्या इवल्याशा नळ्यांमध्ये खोचलेले. काल लांबून तो मला रंग वाटला होता.

३ जानेवारीला कंपनीचा ईमेल आला: ८ तारखेच्या ह्यूस्टनच्या अंतिम सामन्याचं पॅकेज, जुन्या ग्राहकांना सवलतीत. मी एकच प्रश्न विचारला, चषक देईपर्यंत बस थांबेल का? अर्ध्या तासात उत्तर आलं, सामना संपल्यावर ६० मिनिटांनी बस सुटेल. आम्ही तो सामना नोवीत, घरी बसून पाहिला. वॉशिंग्टनविरुद्ध जिंकलो, ३४-१३.