व्हल्चर: पायथनमधला पडीक कोड शोधणारं टूल

पायथन प्रोजेक्टमधला पडीक, म्हणजे कुठूनच वापरला न जाणारा कोड हुडकायला व्हल्चर चांगलं आहे, फक्त त्याची यादी आली की लगेच कात्री चालवू नये. पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) इन्स्टॉल होतं. कोड न चालवता नुसता वाचतं, त्यामुळे डेटाबेस वगैरे उभा करावा लागत नाही.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे कॉन्फिडन्सची, म्हणजे कोड खरंच पडीक असल्याच्या खात्रीची टक्केवारी येते. ती फक्त कोडच्या प्रकारावरून ठरते: रिटर्ननंतरचा कोड आणि न वापरलेलं आर्ग्युमेंट (फंक्शनला दिली जाणारी व्हॅल्यू) 100, इम्पोर्ट 90, फंक्शन-क्लास-व्हेरिएबल सरसकट 60. पहिला हात मिन-कॉन्फिडन्स (किमान टक्केवारीचा ऑप्शन) 90 ठेवून मारा. पण 100 दिसलं म्हणून आर्ग्युमेंट उडवू नका. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या व्ह्यूमधलं (पानाची मागणी हाताळणाऱ्या फंक्शनमधलं) रिक्वेस्ट हे आर्ग्युमेंट वापरात नसलं तरी लागतंच. काढलं की पहिल्याच हिटला टाइपएरर. नावाआधी अंडरस्कोर लावला की व्हल्चर गप्प बसतं.

खरा त्रास 60 वाल्यांचा. मायग्रेशनचा (डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवणाऱ्या फाइल्सचा) फोल्डर एक्स्क्लूडमध्ये टाका, फ्लास्क या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कच्या राउटसाठी इग्नोर-डेकोरेटर्स वापरा, जँगो मॉडेलमधला मेटा क्लास इग्नोर-नेम्समध्ये घाला. एवढं करूनही मॉडेलची एखादी मेथड फक्त एचटीएमएल टेम्प्लेटमधून वापरली जात असेल तर ती यादीत येतेच, कारण व्हल्चर टेम्प्लेट वाचत नाही. ती काढली तर जँगो एररही देत नाही. त्या जागी रिकामं छापतं आणि टेस्ट हिरव्याच राहतात. म्हणून डिलीट करण्याआधी प्रत्येक नाव गिट ग्रेपने (गिटच्या शोधायच्या कमांडने) अख्ख्या रेपोत शोधा, एचटीएमएलसकट.

उलट बाजूही आहे. व्हल्चर स्कोप (नाव कुठल्या क्लासचं किंवा फंक्शनचं आहे ते) बघत नाही, नाव बघतं. प्रोसेस नावाची मेथड पाच क्लासमध्ये असेल आणि कॉल एकीलाच होत असेल, तरी पाचही सुटतात. गेट, सेव्ह, रन असली नावं तर जवळपास कधीच सापडत नाहीत. टेस्टचा फोल्डर सोबत दिला तर केवळ टेस्टमुळे जिवंत असलेलं फंक्शनही लपतं. एकदा तो वगळून चालवा.

सॉर्ट-बाय-साइझ लावलं की मोठे तुकडे ओळखायला सोपं जातं. एक थर काढला की त्याच्यावर टेकलेला दुसरा उघडा पडतो, त्यामुळे परत रन करावं लागतं. मेक-व्हाइटलिस्ट (दुर्लक्ष करायच्या नावांची यादी बनवणारा ऑप्शन) सोयीचं खरं, पण सगळं आउटपुट न वाचता त्यात ओतलं तर खरा पडीक कोडही कायमचा झाकला जातो. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बसवायला अडचण नाही: काही सापडलं की एक्झिट कोड 3 येतो आणि बिल्ड अडतो.