लिनक्स मिंट आणि लॅपटॉपचं वायफाय: वर्षभराच्या वापरानंतर

विंडोज सोडून लिनक्सवर यायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वायफाय चालेल ना?" वर्ष होत आलंय, रोजचा वापर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चालतं. एकदा मार्गी लागलं की त्याची आठवणही येत नाही. पण मार्गी लावायचं तर "वायफाय सारखं जातंय" एवढ्या तक्रारीवर भागत नाही. नेमकं काय तुटतंय हे हुडकावं लागतं, आणि लिनक्सवर ते हुडकता येतं. माझ्या लेखी या सिस्टीमचा सगळ्यात मोठा गुण हाच.

मी घरून दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळची बॅच व्हिडिओ कॉलवर असते, त्यामुळे नेट गेलं की सगळा वर्गच थांबतो. लॅपटॉप मध्यम किमतीचा, विंडोजसकट आलेला. त्यावर लिनक्स मिंट 22 हा लिनक्सचा एक प्रकार टाकला. तो उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेला आहे आणि सोबत 6.8 कर्नल (सिस्टीमचा गाभा) येतो. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव देत नाही, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगवेगळी वायफाय कार्डं निघतात. खरा प्रश्न कार्डाचा असतो. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एलएसपीसीआय ही कमांड 'के' पर्यायासह दिली की कार्ड कोणतं आणि त्याला कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लागलाय, दोन्ही कळतं. कुणालाही मदत मागायच्या आधी एवढी माहिती हाताशी ठेवा.

माझ्याकडचं लक्षण असं: शिकवता शिकवता चित्र गोठायचं, वायफायचं चिन्ह थोडा वेळ गोल फिरत राहायचं आणि मग आपोआप परत जोडलं जायचं. त्याच राउटरवर घरातले मोबाइल मात्र सुरळीत चालू. इंटरनेट देणाऱ्याकडे तक्रार करून उपयोग नव्हता, हे त्यावरूनच दिसत होतं. तरी खात्री म्हणून दोन टर्मिनल उघडले. एकातून राउटरला, म्हणजे 192.168.1.1 ला, सतत पिंग (उत्तर येतंय का हे पाहणारा छोटा संदेश) आणि दुसऱ्यातून 8.8.8.8 ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरची उत्तरं येत राहिली आणि बाहेरची थांबली तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्हीकडून उत्तरं येतायत आणि तरी साइट उघडत नाहीत, तर बहुधा डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीची भानगड. माझ्याकडे दोन्ही एकदमच थांबत होती. म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधलाच दुवा सुटत होता. ही चाचणी इतकी सोपी आहे की ती केल्याशिवाय कुणी कुठलीही सेटिंग बदलू नये, असं माझं ठाम मत झालंय.

पुढचं काम लॉग वाचायचं. जर्नलसीटीएल या सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये दुवा सुटल्याच्या वेळेची नोंद शोधली. डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रामच्या ओळीत 'डिसकनेक्टेड', त्यापुढे 'रीझन=4' आणि शेवटी 'लोकली जनरेटेड=1' असं होतं. हा शेवटचा शब्द सोन्यासारखा. राउटरने बाहेर काढलेलं नाही, लॅपटॉपनेच आपणहून संबंध तोडलाय, असा त्याचा अर्थ. कारण क्रमांक 4 म्हणजे समोरून हालचाल नाही म्हणून तोडलं. राउटर तर खोलीतच, दिवे लागलेले. मग लॅपटॉपला तो दिसेनासा का व्हावा?

इथे थोडं आतलं सांगते, कारण ते कळल्यावर पुढचा उपाय पटतो. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असा छोटा संदेश हवेत सोडतो. त्याला बीकन म्हणतात. वीज वाचवण्याची सोय चालू असली की कार्ड दोन बीकनच्या मधल्या वेळात डुलकी काढतं आणि ठरलेल्या क्षणी जागं होतं. हे जागं होणं वेळेवर जमलं नाही की बीकन हुकतात. बरेच हुकले की ड्रायव्हर समजतो, राउटर गेला. मग तो दुवा तोडतो आणि नव्याने शोध सुरू करतो. कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) आणि ड्रायव्हर यांचा मेळ नसेल तर हे वरचेवर होतं.

मिंटमध्ये ही वीजबचत सुरुवातीपासून चालू असते. आयडब्ल्यू कमांडने विचारलं, तर 'पॉवर सेव्ह: ऑन' असं स्वच्छ उत्तर आलं. सेटिंग नेटवर्क मॅनेजरच्या (नेटच्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फ-डी फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये असते आणि तिथे 'वायफाय.पॉवरसेव्ह = 3' लिहिलेलं असतं. 3 म्हणजे चालू, 2 म्हणजे बंद. मूळ फाइलला हात न लावता मी त्याच फोल्डरमध्ये 'झेडझेड'ने सुरू होणाऱ्या नावाची दुसरी फाइल केली, तीत 2 लिहिला आणि नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू केला. या फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची वरचढ ठरते, त्यामुळे अपडेट आलं तरी आपलं म्हणणं टिकून राहतं. तेव्हापासून वर्ग चालू असताना दुवा सुटणं बंद झालं. बॅटरी थोडी जास्त जात असेल, पण मला रोजच्या वापरात फरक जाणवला नाही. शिकवणाऱ्या माणसाने या बाबतीत बॅटरीची काळजी करूच नये.

दुसरी तक्रार झाकण मिटल्यावरची. लॅपटॉप झोपवून परत उघडला की कधी कधी वायफाय कार्डच गायब. ड्रायव्हर काढून परत लावला की यायचं, म्हणजे मोडप्रोब ही कमांड दोनदा, आधी 'आर' पर्यायासह आणि मग त्याशिवाय. पण रोज कोण करणार? अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूत लिनक्स कर्नल्स अशी जागा आहे, तिथून नवा कर्नल घेतला आणि ती कटकट मिटली. मिंटची ही सोय मला फार आवडते. जुना कर्नल काढून टाकू नका. नवा पटला नाही तर सुरू होतानाच्या मेन्यूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुन्यावर परत जाता येतं. कर्नल बदलण्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची परत आणता येईल अशी प्रत, घ्यायचाच.

मध्यंतरी वीज जाऊन आली आणि घरचं नेटवर्क यादीतून नाहीसं झालं. मोबाइलला दिसतंय, लॅपटॉपला नाही. राउटरने सुरू होताना स्वतःच 13 नंबरचा चॅनल निवडला होता. भारतात 2.4 गिगाहर्ट्झवर 1 ते 13 चालतात, अमेरिकेत 11 पर्यंतच, आणि माझं कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत होतं. आयडब्ल्यू रेग गेट ही कमांड दिल्यावर देशाच्या जागी तोच कोड दिसला. देश बदलायची कमांड आहे, पण काही कार्डांमध्ये तो आतच पक्का केलेला असतो आणि कमांडला दाद मिळत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी एकावर पक्का करणं हा सरळ उपाय. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांच्या राउटरच्या गर्दीतही बरं चालतं.

ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं. वायफाय मुळातच चालू होत नसेल तर आरएफकिल लिस्ट ही कमांड देऊन बघा. 'हार्ड ब्लॉक्ड' दिसलं तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण दाबून पाहा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं: दुरुस्तीच्या काळात मोबाइल डेटा केबलने लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर मिंट तो बहुधा काहीही न टाकता ओळखतं. ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर लागतो, हा पेच त्याने सुटतो. माझे कितीतरी वर्ग या केबलने वाचवले आहेत.

नवीन लॅपटॉप घेणार असाल तर दुकानात पेनड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय जोडून बघू द्या, असा आग्रह धरा. घेतलेल्यात कार्ड बदलायचं असेल तर आधी ते बोर्डला चिकटवलेलं नाही ना हे पाहा. इंटेलची एएक्स200 आणि एएक्स210 ही कार्डं एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालतात; एएक्स201 आणि एएक्स211 मात्र फक्त इंटेलच्याच प्रोसेसरबरोबर. नावं इतकी सारखी आहेत की ऑर्डर करताना आकडा दोनदा वाचा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ब्लूटूथ हेडफोन आणि 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच वेळी वापरलं की आवाज तुटतो, कारण दोघांची लहर एकच आणि माझ्या कार्डात अँटेनाही सामाईक. 5 गिगाहर्ट्झवर गेलं की ठीक होतं, पण ते आमच्या मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. तिथे बसून शिकवायचं असलं की मी वायरवाला हेडफोन लावते.