सीटीआरआयची साईट: दिसायला भंगार, कामाला भारी

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. आणि त्यातला अर्धा मी मन मोठं करून दिलाय, कारण साईट उघडली की तोच तो सरकारी थाट, निळ्या पट्ट्या, बारीक अक्षरं, आणि सगळं इंग्रजीत. पण ज्याच्या घरात कुणाला "आमच्या कॉलेजमध्ये एक स्टडी चालू आहे, तुम्ही भाग घेता का" असं विचारलं गेलंय त्याने सही करायच्या आधी ही साईट बघितलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या दिल्लीतल्या संस्थेकडून चालवतात, जुलै 2007 मध्ये सुरू झाली. भारतात माणसांवर कुठलंही औषध, इंजेक्शन, ऑपरेशनची पद्धत, अगदी योगासनं किंवा काढासुद्धा तपासून बघायचा असेल तर त्याची नोंद इथे करायची. 2009 पासून औषधांच्या ट्रायलला ती सक्तीची झाली आणि 1 एप्रिल 2018 पासून नियम असा की पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद हवी, नंतर नाही. हे "आधीच" फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येते. बघायला पैसे लागत नाहीत, अकाउंट लागत नाही, पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन.

मला ही साईट सापडली ती आत्यामुळे. आत्याचे गुडघे गेलेत, जिना चढताना कठड्याला लोंबकळतच वर येते, आणि एका मेडिकल कॉलेजच्या (नाव लिहीत नाही) ओपीडीत तिला सांगितलं की गुडघ्यात इंजेक्शन देतो, फुकट आहे, नवीन ट्रीटमेंट आहे. डॉक्टर म्हणजे पीजी करणारा मुलगा, स्वभावाने चांगला, पण बाहेर लाईन एवढी की त्याने फॉर्म पुढे सरकवून "मावशी इथे सही करा, इथे आणि इथे" एवढंच केलं. आत्या सही करणारच होती, तिला डॉक्टर म्हणजे देव. नशीब चष्मा घरी विसरली होती, फॉर्म घरी घेऊन आली, आणि त्यावर एका कोपऱ्यात सीटीआरआय नंबर होता.

हा नंबर कसा वाचायचा ते आधी. उदाहरण म्हणून करोनाच्या वेळची आयसीएमआरची प्लाझ्मावाली ट्रायल घ्या (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा आजाऱ्यांना द्यायचा ती), प्लॅसिड नावाची, तिचा नंबर सीटीआरआय/2020/04/024775. म्हणजे 2020 साल, एप्रिल महिना, आणि पुढचा अनुक्रमांक. साईटच्या सर्चमध्ये नंबर टाकला की एक लांबच लांब तक्ता उघडतो आणि इथेच निम्मी माणसं पळून जातात. पळू नका. सगळा वाचायची गरज नाही, मोजके रकाने बघायचे.

वरच नोंदणीची तारीख आणि शेजारी "प्रॉस्पेक्टिव्हली" की "रेट्रोस्पेक्टिव्हली" हे लिहिलेलं असतं. म्हणजे आधी नोंद केली की पेशंट घ्यायला सुरुवात झाल्यावर. आधी नोंद का हवी? कारण ट्रायल सुरू करताना डॉक्टर म्हणतो मी दुखणं कमी होतंय का ते बघणार, आणि शेवटी दुखणं काही कमी झालं नाही पण झोप बरी लागली असं दिसलं तर "झोपेवर गुणकारी औषध" म्हणून पेपर छापून मोकळा. आधी लिहून ठेवलं असेल तर ही पलटी मारता येत नाही, मारलीच तर पकडता येते. त्यासाठी "प्रायमरी आउटकम" हा रकाना, माझ्या मते अख्ख्या पानातला सगळ्यात कामाचा. काय मोजणार आणि किती दिवसांनी मोजणार ते तिथे असतं. आत्याच्या ट्रायलमध्ये होतं दुखण्याचा स्कोअर, सहा महिन्यांनी. मग आत्याला सांगता आलं की बाई, सहा महिने फेऱ्या मारायच्यात, एका इंजेक्शनात सुटका नाही.

मग "इंटरव्हेन्शन" आणि "कंपॅरेटर". पहिलं म्हणजे जे तपासतायत ते, दुसरं म्हणजे ज्याच्याशी तुलना ते. आत्याला वाटलेलं नवीन औषध मिळणार. तक्त्यात दिसलं की दोन गट आहेत, एका गटाला पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात टोचतात ते, आणि दुसऱ्या गटाला साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन जे वर्षानुवर्षं देतायत. तिच्या वाट्याला कुठलं येईल हे ना तिच्या हातात ना डॉक्टरच्या. ते चिठ्ठीवर. आणि ही चिठ्ठी कशी काढणार तेसुद्धा साईटवर लिहावं लागतं, हे मला फार आवडलं! बऱ्याच कॉलेजांच्या ट्रायलमध्ये तिथे दिसतं की क्रमांक टाकलेली, सीलबंद, आरपार न दिसणारी पाकिटं. आरपार न दिसणारी का, तर डॉक्टरने पाकीट ट्यूबलाईटसमोर धरून आत काय आहे ते बघून ओळखीच्या पेशंटला हवा तो गट देऊ नये म्हणून. माणसाचा स्वभाव ओळखूनच नियम केलेत.

त्याखाली "ब्लाइंडिंग". म्हणजे कुणाला कुठलं औषध मिळालं हे कुणाकुणाला माहीत नाही. "ओपन लेबल" असेल तर सगळ्यांना सगळं माहीत. दुखणं, थकवा, झोप असल्या गोष्टींत हे जास्त बघावं, कारण नवीन इंजेक्शन मिळालं या आनंदानेच निम्मं दुखणं पळतं, आणि मोजणाऱ्याला पण आपली ट्रायल यशस्वी व्हावी असं वाटत असतंच की.

आता खरी गंमत. "एक्स्क्लुजन क्रायटेरिया" म्हणजे कुणाला घ्यायचं नाही त्याची यादी. आत्याच्या ट्रायलच्या यादीत स्पष्ट होतं, कंट्रोलमध्ये नसलेला डायबेटिस. आत्याची शुगर गेल्या गणपतीपासून जी चढलीय ती काही उतरायला तयार नाही (मोदक हे कारण ती मान्य करत नाही), आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनने शुगर अजून वर जाऊ शकते. तिला शुगरचं कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी मी सोबत गेले, पानाची प्रिंट काढून नेली आणि त्या मुलाला दाखवली, तो जरा ओशाळला, मग म्हणाला रिपोर्ट बघूनच घेणार होतो. असेलही. पण सही आधीच घेत होता ना राव.

"पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस" असाही एक रकाना आहे, तिथे हो असेल तर समजायचं की हा एमडी, एमएस करणाऱ्या किंवा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याचा प्रबंध आहे. त्यात वाईट काही नाही, उलट कंपनीचा दबाव नसतो, पण पेशंट कमी असतात, वेळ ठरलेला असतो आणि मुलगा पास होऊन गेला की पुढे विचारायला कुणी नसतं. अशा ट्रायलमध्ये "डीसीजीआय परवानगी" (म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाची) समोर "नॉट ॲप्लिकेबल" दिसलं तर घाबरू नका, आधीच मान्यता असलेली औषधं वापरून कॉलेजमध्ये अभ्यास करायचा असेल तर साधारणपणे एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी पुरते. पण ती कमिटीची मंजुरी "अप्रूव्ह्ड" आहे का ते नक्की बघा. 2019 च्या नियमांप्रमाणे या कमिटीत किमान सात जण लागतात, त्यात एक बाई, एक कायद्याचा माणूस, एक आपल्यासारखा सामान्य माणूस, आणि निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे. कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर असतो, तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये काही अपाय झाला तर उपचार फुकट आणि ट्रायलमुळेच झाला असं ठरलं तर नुकसानभरपाई, हेही त्याच नियमांत आहे. आणि मधेच सोडायचं असेल तर कधीही सोडता येतं, कारण द्यायची पण गरज नाही, तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

पैसे कुणी दिले तो रकाना लोक सोडून देतात पण मला तोच आधी बघायची सवय लागलीय. टाटा मेमोरियलची एक ट्रायल आहे, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, तेच ते भूल द्यायचं स्वस्त औषध. 11 केंद्रं, 1600 बायका, निकाल 2023 मध्ये छापून आला, पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका लिडोकेनच्या गटात 90.1 टक्के आणि नुसत्या ऑपरेशनच्या गटात 86.4. एवढ्या स्वस्त औषधावर कुठली कंपनी इतकी वर्षं पैसे घालेल? टाटा अणुऊर्जा विभागाखाली येतं, सरकारी पैशाने झालं म्हणून झालं. पैशाच्या रकान्यात कंपनीचं नाव असलं म्हणजे लगेच चोर असं नाही, नवीन औषधं बहुतेक कंपन्यांच्याच पैशाने तपासली जातात, पण माहीत असावं.

आता तक्रारी. पहिली म्हणजे भाषा. "पब्लिक टायटल" नावाचा रकाना खास सामान्य लोकांसाठी आहे, आणि तिथेही कित्येकदा सायंटिफिक टायटलच थोडं छाटून चिकटवलेलं असतं. संमतीचा फॉर्म पेशंटला कळेल अशा भाषेत लागतो, मग हे एक वाक्य त्याच भाषेत टाकायला काय जातं? मोबाईलचं ट्रान्सलेट लावलं तर अंदाज येतो, पण डॉक्टरी शब्दांची पार खिचडी होते.

दुसरी तक्रार मोठी आहे. निकाल. ट्रायल सुरू झाल्याची नोंद सापडते पण पुढे काय झालं ते शोधायला गेलं तर "पब्लिकेशन डिटेल्स" बऱ्याचदा कोरं. "रिक्रूटमेंट स्टेटस", म्हणजे पेशंट घेणं चालू आहे की संपलं, ते पण काही ठिकाणी वर्षानुवर्षं तेच. ते अपडेट करायचं काम ट्रायल करणाऱ्यांचं, पण साईट म्हणून स्टार तर जाणारच ना. आणि न जमलेल्या ट्रायलचा निकालही तेवढाच कामाचा असतो हो. तीच वरची प्लाझ्मा ट्रायल बघा. 39 हॉस्पिटलं, 464 पेशंट, प्लाझ्मा दिलेल्यांत 19 टक्के लोकांचा आजार गंभीर झाला किंवा 28 दिवसांत मृत्यू झाला, न दिलेल्यांत 18 टक्के. म्हणजे उपयोग शून्य. हे ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आलं, जगाने वाचलं. आणि एप्रिल 2021 मध्ये आपण काय करत होतो? "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट हवाय" चे मेसेज रात्री दोन वाजता फॉरवर्ड करत होतो, मी पण केलेत, लोक शंभर शंभर किलोमीटर गाडी हाणत पिशवी आणायला जात होते. सरकारी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा काढला तो मे 2021 मध्ये. निकाल कुणी साध्या मराठीत चार ओळीत सांगितला असता तर किती लोकांची पळापळ वाचली असती.

तिसरी गोष्ट ही साईटची चूक नाही पण सांगायलाच हवी. नंबर असणं म्हणजे औषध सिद्ध झालं असं अजिबात नाही! नोंद म्हणजे फक्त "आम्ही हे तपासून बघणार आहोत" एवढंच. जून 2020 मध्ये पतंजलीचं कोरोनिल करोनावरचं औषध म्हणून बाजारात आलं तेव्हा सात दिवसांत शंभर टक्के बरे असा दावा होता, जयपूरच्या एका खासगी विद्यापीठातल्या ट्रायलचा दाखला होता आणि त्या ट्रायलची सीटीआरआयवर नोंदही होती. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिराती थांबवायला सांगितल्या आणि आपल्याकडे तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी राज्यात विकू देणार नाही म्हणून सुनावलं. तेव्हापासून पावडरच्या डब्यावर "सीटीआरआय रजिस्टर्ड" असं ठळक लिहिलेलं दिसलं की मी डबा परत रॅकवर ठेवते आणि घरी येऊन नंबर टाकून किती पेशंट घेतले ते बघते. तीस चाळीस लोकांवर एखादा दुर्मीळ दुष्परिणाम कळणारच नाही. आपल्या देशी रोटाव्हायरस लशीची मोठी ट्रायल झाली तेव्हा दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू मिळून 6,799 बाळं होती, आणि पहिल्या वर्षात रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या गंभीर जुलाबांपासून बचाव किती तर साधारण 56 टक्के. खरा आकडा असाच असतो, शंभर टक्के नसतो.

आत्याचं म्हणाल तर शुगर आटोक्यात आली की परत विचारतो असं कॉलेजवाल्यांनी सांगितलंय. तिला भाग घ्यायचाच आहे, "माझ्या गुडघ्यांनी पुढच्यांचं भलं होत असेल तर होऊ दे" म्हणते, फक्त बसभाडं मिळणार का ते लिहून घे म्हणाली. ते फॉर्ममध्ये असतं, नसेल तर विचारायचं, लाजायचं नाही.

सर्च करताना आजाराचं नाव इंग्रजीत आणि पुस्तकी टाका, नी पेन टाकून फार काही येत नाही, ऑस्टिओआर्थरायटिस टाकलं की ढीगभर येतं. पान उघडलं की वर पीडीएफचं बटण आहे, ती डाउनलोड करून ठेवा, कारण मधे बदल केले तर तुमच्याकडे जुनी प्रत राहते. आणि कुणाला पब्लिक टायटल खरोखर साध्या माणसाला कळेल असं लिहिलेली ट्रायल सापडली तर मला नंबर पाठवा, मी चौथा स्टार तिच्या नावाने द्यायला तयार आहे.